थेंब माझ्यासमोर टाका बघू!

अण्णांचा डोळा ‘पिकण्याची’ आम्ही पाच वर्षं वाट पाहिली.

सोलापूरच्या पूर्व भागातलं आमचं घर. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. गिरणीतून निवृत्त झाल्यावर वर्ष-दोन वर्षांतच त्यांचं चालणं बदललं. दारातल्या सायकलला धडकायचे, उंबऱ्याला ठेचकाळायचे, पुढ्यात ठेवलेला पाण्याचा तांब्या हात लागून लवंडायचा. ‘लक्ष कुठं असतं हो तुमचं?’ म्हणून आई करवादायची. पेपर मात्र ते चष्मा लावून सगळा वाचायचे, अगदी बारीक टायपातल्या जाहिरातींसकट. त्यामुळे हे डोळ्यांचं दुखणं असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. पुढं वाचणंही कमी झालं, तेव्हा गल्लीतल्या जाणत्यांनी निदान केलं, ‘मोतीबिंदू असणार. पिकू द्या, मग काढू.’ मोतीबिंदू पिकावा लागतो, हे तेव्हा पोराटोरांनाही पाठ होतं. आम्ही निर्धास्त झालो.

१९८९ सालच्या गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम बघायला आम्ही सगळे गेलो होतो. आभाळात रंग उधळत होते, लेकरं टाळ्या पिटत होती. अण्णांनी माझा हात घट्ट धरला होता. आवाजाच्या दिशेनं मान इकडं तिकडं फिरवत त्यांनी मला हळूच विचारलं, ‘आवाज येतोय रे, पण आहे कुठं ते?’

त्यानंतर महिन्याभरात एका शिबिरात त्यांना नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, मग यंत्रातून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, ‘हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. गेलेली नजर आता परत येणार नाही. इतकी वर्षं कुठं होता?’

काय सांगणार? आम्ही पिकायची वाट बघत होतो!

मी व्यवसायानं विज्ञान शिक्षक. मानवी डोळ्याची आकृती फळ्यावर काढून भागांना नावं द्यायला मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं. डोळ्यातला पाण्यासारखा द्रव, नेत्रनाडी, सगळं तोंडपाठ. आणि माझ्याच घरात, माझ्याच वडिलांच्या बाबतीत त्यातलं काही कामी आलं नाही. शिकवणं आणि शिकणं यांत किती अंतर असतं, ते मला त्या दिवशी कळायला हवं होतं. पण कळलं ते फार उशिरा, स्वतःच्या डोळ्यांवर बेतल्यावर.

काचबिंदू म्हणजे काय?

मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग गढूळ होतं. ते काढून कृत्रिम भिंग बसवलं की माणूस पुन्हा बघू लागतो. काचबिंदूचं तसं नाही. आपल्या डोळ्याच्या पुढच्या भागात एक पातळ द्रव सतत तयार होतो आणि बारीक जाळीतून तेवढाच बाहेर पडतो. (हे पाणी अश्रूंचं नव्हे, ते आतच असतं.) आपल्या मोरीचंच उदाहरण घ्या. नळ चालू आहे आणि जाळी तुंबली तर पाणी चढणारच. डोळ्यातही तसा दाब चढतो आणि मागच्या नाजूक नेत्रनाडीला इजा होते. हा दाब साधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. काहींच्या नाडीला मात्र एवढाही दाब सोसत नाही. म्हणून नुसता दाब मोजून भागत नाही, बाहुलीतून आतली नाडीही पाहावी लागते.

या नेत्रनाडीत दहा-बारा लाख तंतू असतात. आमचं सोलापूर विणकरांचं गाव, म्हणून मी शेजाऱ्यांना सांगताना मागाचाच दाखला देतो. मागावर धागा तुटला तर विणकराच्या लगेच ध्यानात येतं. तो माग थांबवतो, गाठ मारतो आणि चादर पुढं विणली जाते. डोळ्यातला धागा तुटलेला कळत नाही आणि त्याला गाठही मारता येत नाही. दृष्टिक्षेत्राच्या चाचणीत पहिला दोष उमटेपर्यंत पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त धागे गेलेले असू शकतात.

आणि फसवणूक अशी की दुखत नाही, खुपत नाही, अंधारही दिसत नाही. भिंतीवरच्या तक्त्यात काचबिंदूच्या रुग्णाला काळ्या नळीतून पाहिल्यासारखं दिसतं असं दाखवलेलं असतं. प्रत्यक्षात बहुतेकांना काळी चौकट दिसतच नाही. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा झाकतो. उरलेली पोकळी मेंदू आजूबाजूच्या चित्रानं भरून काढतो. समोरची अक्षरं स्वच्छ दिसतात, बाजूनं येणारी रिक्षा तेवढी दिसत नाही. अण्णा पेपर वाचत होते आणि तांब्या लवंडत होते, त्याचा अर्थ हा होता.

आपल्या देशात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा, असा अंदाज २०१० साली तज्ज्ञांनी मांडला होता. दक्षिण भारतात घरोघरी जाऊन ज्या पाहण्या झाल्या, त्यांत काचबिंदू सापडलेल्या दहांतल्या नऊ जणांना आपल्याला तो आहे याचा पत्ताच नव्हता. या नऊ जणांत आमचे अण्णा होते. पण ज्या एकाला पत्ता लागतो, त्याचं पुढं काय होतं? तो एक म्हणजे मी.

माझी पाळी

२००७ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, जवळचा चष्मा करायला म्हणून गेलो. दुकानातल्या संगणकावर नंबर काढून मोकळा होणार होतो. पण अण्णांची आठवण झाली आणि नेत्रतज्ज्ञांकडं गेलो. उजव्या डोळ्याचा दाब २८ निघाला, डाव्याचा २६. डॉक्टरांनी विचारलं, ‘घरात कुणाला होता?’ मी हो म्हणालो. ‘मग भावंडांनाही तपासून घ्यायला सांगा. रोज रात्री दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब. तीन महिन्यांनी दाखवा.’ बाहेर चाळीस माणसं बसलेली. पाच मिनिटांत मी रस्त्यावर होतो, हातात एक छोटी बाटली.

महिन्याभरात बाटली संपली आणि मी थेंब बंद केले!

हसू नका. ताप आला की पाच दिवसांच्या गोळ्या असतात, खोकल्याची बाटली संपली की खोकला बरा झाला असं आपण धरतो. ही बाटली संपल्यावर दुसरी आणायची, ती संपली की तिसरी, आणि हे जन्मभर, असं मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. शिवाय थेंबानं काही फरक पडल्याचं जाणवतही नव्हतं. आधीही स्वच्छ दिसत होतं, नंतरही स्वच्छच. उलट थेंब टाकल्यावर डोळे लाल व्हायचे. चार महिन्यांनी गेलो तेव्हा दाब पुन्हा चढलेला होता.

या औषधाचं हेच अवघड आहे. त्यानं बरं वाटत नाही, कारण आधी वाईट वाटतच नसतं. जे जाणवत नाही त्यासाठी रोज, न चुकता, जन्मभर औषध घ्यायचं, तर ते कशासाठी हे माणसाला आतून पटलेलं असावं लागतं. आणि थेंबांचा उपयोग होतो, हे काही नुसत्या भरवशावर सांगितलेलं नाही. दाब वाढलेला पण नाडी अजून शाबूत, अशा सोळाशेहून अधिक लोकांवर अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली आले. पाच वर्षांत औषध न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला. थेंब घेणाऱ्यांत हे प्रमाण ४.४ टक्के होतं. म्हणजे निम्म्याहून कमी.

त्यानंतर मी थेंब चुकवले नाहीत. रोज रात्री साडेनऊला, न चुकता. तरीही काही वर्षांनी दाब पुन्हा हलू लागला. डॉक्टर दुसरं औषध वाढवायचा विचार करत होते. तेवढ्यात त्यांच्याकडं नव्यानं लागलेल्या एका मुलीनं मला व्हरांड्यात बाजूला घेतलं. डोळ्यांना नुसता ओलावा देणाऱ्या साध्या थेंबांची बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, ‘सर, थेंब माझ्यासमोर टाका बघू.’

मला जरा रागच आला. इतकी वर्षं टाकतोय, आता ही पोरगी माझी परीक्षा घेणार! मान मागं केली, बाटली उलटी केली, थेंब पडला. मोठ्या ऐटीत तिच्याकडं पाहिलं. तिनं रुमाल पुढं केला. ‘सर, गाल पुसा.’

थेंब गालावर पडला होता. दुसरा पापणीवर. तिसरा डोळ्यात गेला, पण बाटलीचं टोक बुबुळाला लागलं.

तीस वर्षं मी वर्गात विचारत आलो, ‘समजलं का?’ मुलं एका सुरात म्हणायची, ‘हो सर!’ त्या ‘हो’वर विश्वास ठेवायचा नसतो, हे कुठल्याही मास्तराला ठाऊक असतं. खडू हातात देऊन म्हणावं लागतं, ‘ये फळ्यावर, करून दाखव.’ मला इतक्या वर्षांत फळ्यावर कुणी बोलावलंच नव्हतं.

पुढं वाचनात आलं की मी काही एकटा नाही. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी काचबिंदूच्या ७० रुग्णांना थेंब टाकताना पाहिलं होतं. तो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. अगदी बरोबर टाकणारे त्यात दहासुद्धा भरले नाहीत.

व्हरांड्यातली शाळा

त्या मुलीनं शिकवलं ते असं. हात धुवायचे. बसून किंवा आडवं होऊन मान मागं करायची. एका बोटानं खालची पापणी ओढून तिचा खिसा करायचा. वर छताकडं बघायचं आणि बाटली डोळ्याला न टेकवता त्या खिशात एकच थेंब सोडायचा. डोळ्यात एका थेंबापुरतीही पुरती जागा नसते, त्यामुळे दोन टाकले तर दुसरा गालावरून वाहून फुकट जातो. मग डोळा अलगद मिटून, नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून दोन मिनिटं बसायचं. म्हणजे औषध नाकावाटे घशात आणि पुढं रक्तात उतरत नाही. दुसरं औषध असेल तर मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो. आपला हात थरथरत असेल तर घरातल्या कुणाकडून तरी टाकून घ्यायचा. त्यात कमीपणा नाही.

दोन मिनिटांचा धडा. माझा दाब पुढच्या खेपेला उतरला, तोही वाढीव औषधाशिवाय.

तेव्हापासून मी दवाखान्यात नंबर येईपर्यंत गप्प बसत नाही. शेजारच्याला विचारतो, ‘तुम्हाला कशाचे थेंब आहेत? कसे टाकता?’ मास्तरकी ती, जात नाही! आणि त्या व्हरांड्यात मी शिकवलं त्याहून शिकलो जास्त.

विड्या वळणारी एक अक्का यायची. घरी बोली तेलुगू, मराठी मोडकंतोडकं. औषधाच्या खोक्यावरची अक्षरं सगळी इंग्रजी. तिला दोन बाटल्या होत्या, एक सकाळ-संध्याकाळची, दुसरी फक्त रात्रीची, आणि दोन्ही दिसायला सारख्याच. तिच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या मुलानं युक्ती केली. एका बाटलीच्या गळ्याला लाल सूत बांधलं, दुसरीला निळं. वेळेसाठी घड्याळ नको म्हणाली. विड्या मोजून द्यायला निघायच्या आधी लाल, देवापुढं दिवा लावला की लाल, अंथरूण टाकलं की निळं. ‘बारा-बारा तासांनी’ हे शब्द तिला कधी समजले नसते. दिवा लावणं ती चुकवत नाही, म्हणून थेंबही चुकत नाही.

मी स्वतः भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज पेन्सिलीनं एक टिंब देतो. वयानुसार ‘टाकला की नाही?’ असा घोळ होतोच, टिंब पाहिलं की मिटतो.

आणखी एक प्रश्न आमच्या गावचा खास. एप्रिल-मेमध्ये इथं पारा ४३-४४ अंशांवर जातो. काचबिंदूची काही औषधं उघडण्यापूर्वी फ्रीजमध्ये ठेवावी लागतात आणि उघडल्यावरही पंचवीस अंशांच्या वरची उष्णता त्यांना चालत नाही. पत्र्याच्या घरात ती कशी टिकायची? ज्यांच्याकडं फ्रीज नाही त्यांनी तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. फ्रीज न लागणारी औषधंही असतात. परवडत नसेल तर तेही सांगावं, जुनी आणि स्वस्त औषधं आहेत. लेसरचा मार्गही काहींना चालतो. लाजेपोटी गप्प राहून एक दिवसाआड थेंब टाकणारे मी पाहिलेत. डॉक्टरांना वाटतं औषध लागू पडत नाही, आणि रुग्णाला वाटतं आपण काटकसर करतोय. त्या काटकसरीची किंमत नजरेनं मोजावी लागते. आणि एकदा उघडलेली बाटली साधारण महिन्यानं टाकून द्यावी, तळाशी उरलं असलं तरी.

माहिती द्यावी लागते ती फक्त डोळ्यांच्या डॉक्टरांनाच नव्हे. टिमोलॉल हे काचबिंदूचं जुनं आणि चांगलं औषध, पण दमा असलेल्या किंवा नाडी मंद असलेल्या माणसाला त्याचा त्रास होऊ शकतो. म्हणून आपल्याला दमा आहे हे नेत्रतज्ज्ञांना आणि आपण हे थेंब टाकतो हे घरच्या डॉक्टरांना, दोघांनाही सांगायला हवं. उलट, डोळे आले, खाज सुटली की मेडिकलमधून आपल्या मनानं आणलेल्या थेंबांत स्टेरॉइड असू शकतं. त्यानंही डोळ्याचा दाब चढतो. योगासनं जरूर करावीत, पण शीर्षासन नको. डोकं खाली, पाय वर केल्यावर डोळ्याचा दाब जवळजवळ दुप्पट होतो. सकाळी उठून तांब्याभर पाणी एका दमात पिण्याची अनेकांना सवय असते. तेच पाणी घोटाघोटानं, सावकाश प्यावं.

काचबिंदूचा एक प्रकार मात्र गप्प बसत नाही. एकाएकी डोळा लाल होतो, कपाळ फुटेल असं दुखतं, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. आपल्याकडं ‘पित्त झालं’ म्हणून आल्याचा रस देऊन निजवतात. तसं करू नका. त्याच दिवशी, त्याच रात्री नेत्रतज्ज्ञ गाठा. इथं तासांचा हिशेब असतो.

जे मी सांगितलं नाही

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला जड जातंय.

‘भावंडांनाही तपासून घ्यायला सांगा,’ असं डॉक्टर मला २००७ साली म्हणाले होते. सख्ख्या भावंडांना आणि मुलांना हा धोका इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. घरी येऊन मी सौ.ला सांगितलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘पोरीचं लग्न ठरेपर्यंत कुणाला बोलू नका. घराण्यात आंधळेपणा आहे म्हणतील.’ मला ते पटलं. तिला दोष देत नाही, मलाही तेच वाटलं होतं. विज्ञान शिकवणारा मी सहा वर्षं थेंबांची बाटली कपाटात कपड्यांमागं लपवून ठेवत होतो.

२०१३ साली मुलीचं लग्न झालं. त्यानंतर महिन्याभरानं मी धाकट्या भावाच्या कारखान्यात गेलो आणि मागांच्या खडखडाटात त्याला सगळं सांगितलं. तो हसला. ‘दादा, मला लांबचा धागासुद्धा दिसतो की. मला काय झालंय?’ हट्टानं घेऊन गेलो. उजवा डोळा बराच चांगला निघाला. डाव्याची निम्म्याहून जास्त नजर गेलेली होती.

दवाखान्यातून बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला, ‘तुला कधी कळलं होतं?’ मी साल सांगितलं. तो पुढं काही बोलला नाही. आजवर बोललेला नाही. रोज रात्री साडेनऊला मात्र त्याचा फोन येतो. ‘दादा, टाकलास का?’ ‘टाकला. तू?’ ‘टाकला.’ एवढंच. त्याचा उजवा डोळा शाबूत आहे, आणि डाव्यात उरलं होतं तेवढं तरी टिकून आहे. माझी मुलगी दरवर्षी तपासून घेते. तिच्या सासरी आम्ही स्वतः जाऊन सांगितलं. कुणी काही म्हणालं नाही. उलट तिच्या सासूबाई दुसऱ्या दिवशी आपले डोळे तपासून आल्या.

दर वर्षी मार्च महिन्यात जगभर काचबिंदू सप्ताह पाळतात. भाषणं होतात, शिबिरं होतात, ती व्हायलाच हवीत. पण डॉक्टर रुग्णाला तीन महिन्यांतून दहा मिनिटं भेटतात. उरलेले सगळे दिवस हा आजार रुग्णाच्याच हातात असतो, अगदी शब्दशः, त्या चिमुकल्या बाटलीच्या रूपानं. त्या हाताला शिकवणं हाही उपचारच आहे, आणि ते काम डॉक्टरांच्या खोलीइतकंच आपल्या घरातही होऊ शकतं.

आज रविवार आहे, घरातली माणसं घरी असतील. चाळिशी उलटलेल्यांनी दाब आणि नाडी तपासून घ्यायचा दिवस ठरवून टाका. आजार ठाऊक असेल तर भावंडांना आजच फोन करा, लग्नं ठरायची वाट बघू नका. आणि घरात कुणी आजी, आजोबा, काका थेंब टाकत असतील, तर आज रात्री त्यांच्या शेजारी जाऊन बसा आणि प्रेमानं एवढंच म्हणा, ‘थेंब माझ्यासमोर टाका बघू.’

रुमाल मात्र जवळ असू द्या.